कोडर नावाची एक नोकरी होती

कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे काम गिळून टाकणार का, हा प्रश्न २०२२ नंतर पुण्यामुंबईच्या घराघरांत विचारला जाऊ लागला. प्रश्न नवा वाटतो. प्रत्यक्षात तो सत्तर वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे पहिले उत्तर एका नोकरीच्या लोपातून मिळाले. त्या नोकरीचे नाव 'कोडर'. हा धागा तिच्याविषयी आहे, आणि ती पुढे कोठे, कोणत्या रूपात पुन्हा जन्मली त्याविषयीही.

सुरुवात आणखी थोडी मागून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'कंप्यूटर' हा इंग्रजी शब्द यंत्राला नव्हे, माणसाला लावला जात असे. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये अमेरिकी लष्करासाठी तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके तयार होत. हे गणित करणाऱ्या बहुतेक तरुण, गणित शिकलेल्या स्त्रिया होत्या, आणि त्यांच्या पदाचे नावच 'कंप्यूटर' होते. एका मार्गाच्या गणिताला टेबलावरच्या गणनयंत्रावर कित्येक तास लागत. मग सुमारे १८,००० निर्वात नलिकांचे एनिॲक हे यंत्र आले. तेच गणित ते अर्ध्या मिनिटाच्या आसपास करू लागले.

हे यंत्र कामाला लावण्यासाठी त्याच स्त्रियांतून सहा जणी निवडल्या गेल्या: कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बिलास आणि रूथ लिक्टरमन. एनिॲकमध्ये प्रोग्रॅम 'लिहिता' येत नसे. केबली जोडून आणि कळी फिरवून तो यंत्राच्या अंगावरच रचावा लागे. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्राचे जाहीर प्रदर्शन झाले तेव्हा कौतुक यंत्राचे झाले. या सहा जणींची नावे लोकांना कळायला पुढे काही दशके जावी लागली.

माणसाचे काम यंत्राने घेतले, आणि त्या कामाचे नावही यंत्रानेच घेतले. संगणकाच्या इतिहासातील ही पहिली बदली. दुसरी लवकरच होणार होती.

१९४७-४८ मध्ये प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमधून हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांचा एक अहवाल तीन भागांत प्रसिद्ध झाला. गणितातील प्रश्न यंत्राकडून कसा सोडवून घ्यावा, याची पद्धत त्यात मांडली होती. त्यांच्या मांडणीत कामाचे दोन थर होते. वरचा थर नियोजनाचा: प्रश्न समजून घेणे, पायऱ्या ठरवणे, प्रवाहाकृती काढणे. खालचा थर 'कोडिंग'चा: ठरलेल्या पायऱ्या यंत्राच्या भाषेत उतरवणे. पहिले काम बुद्धीचे, दुसरे बरेचसे नकलनविसाचे, असा त्यामागचा समज होता. म्हणजे 'कोडर' या शब्दात पहिल्या दिवसापासूनच कमीपणा मुरलेला होता. आज समाजमाध्यमांवर तो शब्द अभिमानाने मिरवणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसते.

प्रत्यक्षात हे दोन थर कधीच स्वच्छ वेगळे राहिले नाहीत. कोडिंग किती अवघड आहे हे कळायला दोनच वर्षे पुरली. केंब्रिजमध्ये मे १९४९ पासून एडसॅक हे यंत्र चालू झाले. त्याचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी पुढे आत्मचरित्रात एक आठवण नोंदवली आहे. जिना चढत असताना त्यांना एकाएकी जाणवले, की उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्रॅममधील चुका शोधण्यात जाणार आहे. आजही प्रत्येक प्रोग्रॅमरला तो जिना ओळखीचा वाटेल.

त्या काळचे कोडिंग म्हणजे नेमके काय, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. यंत्राला 'या दोन संख्यांची बेरीज कर' असे सांगता येत नसे. अमुक क्रमांकाच्या कप्प्यातील संख्या उचल, तमुक कप्प्यातील संख्या तिच्यात मिळव, उत्तर अमुक कप्प्यात ठेव, अशा एकेक आज्ञा द्याव्या लागत. एडसॅकवर बेरजेसाठी ए, वजाबाकीसाठी एस अशी अक्षरे होती, आणि प्रत्येक अक्षरापुढे कप्प्याचा क्रमांक. हे सारे कागदी फितीवर भोके पाडून यंत्राला भरवायचे. मध्येच एखादी आज्ञा राहून गेली आणि ती नंतर घुसवली, की तिच्या पुढच्या सगळ्या आज्ञा एकेक घर सरकत, आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारे सगळे क्रमांक चुकत. ते पुन्हा हाताने दुरुस्त करायचे. दुरुस्त करताना नवी चूक व्हायची.

या कष्टातूनच एक कल्पना जन्मली: नकलनविसाचे काम नकलनविसालाच का करावे लागावे? प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅम लिहिता येणार नाही का?

पहिले ठोस उत्तर एनिॲकच्या त्या सहा जणींपैकी एकीने दिले. बेटी स्नायडर, विवाहानंतर बेटी होल्बर्टन, यांनी १९५१ मध्ये युनिव्हॅक यंत्रासाठी 'सॉर्ट-मर्ज जनरेटर' तयार केला. फायलीचे वर्णन द्यायचे; ती क्रमवार लावणारा प्रोग्रॅम यंत्रच तयार करून देई. ग्रेस हॉपर यांनी आपल्या कामाच्या प्रेरणेचे श्रेय त्यांना दिले आहे. म्हणजे जिच्या पदाचे नाव एकदा 'कंप्यूटर' होते आणि ज्या पदाला यंत्राने पुसून टाकले, तिनेच पुढच्या बदलीचे पहिले अवजार घडवले.

हॉपर त्याच कंपनीत होत्या. एकमेकांच्या वह्यांतून तयार कोडचे तुकडे उतरवून घेणारे सहकारी त्यांनी पाहिले होते. उतरवताना अंक चुकायचे, बेरजा चुकायच्या. त्यांनी ए-झिरो नावाची व्यवस्था रचली. तयार तुकड्यांना क्रमांक द्यायचे. यंत्र ते तुकडे शोधून, योग्य ठिकाणी जोडून, सलग प्रोग्रॅम बनवी. तुकडे गोळा करणारा म्हणून नाव पडले 'कंपायलर', अर्थात संकलक. (आजच्या अर्थाने तो कंपायलर नव्हताच, आजचे अभियंते त्याला लिंकर म्हणतील. पण नाव टिकले.) मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील सभेत हॉपर यांनी जो निबंध वाचला त्याचे शीर्षक होते 'द एज्युकेशन ऑफ अ कंप्यूटर'. यंत्राला शिकवले, तर प्रोग्रॅमर पुन्हा गणितज्ञ होऊ शकेल, अशी त्यातील आशा होती. या साऱ्या चळवळीला तेव्हा नाव पडले 'ऑटोमॅटिक प्रोग्रॅमिंग', स्वयंचलित प्रोग्रॅमिंग. हे नाव १९५० च्या दशकातील आहे, हे लक्षात ठेवावे.

विरोध झाला, आणि तो अडाण्यांनी केला नाही. यंत्रभाषेत तरबेज असलेल्या लोकांनी केला. फोरट्रानचे जनक जॉन बॅकस यांनी नंतर त्या काळचे वर्णन करताना प्रोग्रॅमर स्वतःला पुरोहितवर्ग समजत, असे म्हटले आहे. गाभाऱ्यात फक्त त्यांनीच जायचे. बाहेर उभ्या असलेल्या सामान्य शास्त्रज्ञाला यंत्राशी थेट बोलता येईल, ही कल्पना त्यांना उद्धट वाटे. पण त्यांचा सगळा विरोध अहंकाराचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. तोपर्यंतच्या स्वयंचलित व्यवस्था खरोखरच संथ होत्या. हाताने लिहिलेल्या कोडच्या तुलनेत यंत्राला त्या पाच-दहा पटींनी मंदावत. आणि यंत्राचा वेळ सोन्याच्या भावाने विकला जाई.

बॅकस यांनी हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला. संगणक केंद्रात प्रोग्रॅमरांवर होणारा खर्च यंत्राच्या खर्चाइतका तरी असतोच. शिवाय यंत्राचा एक-चतुर्थांश ते निम्मा वेळ चुका शोधण्यातच जातो. तेव्हा माणसाचा वेळ वाचवणे हाच खरा नफा. १९५३ च्या अखेरीस त्यांनी आयबीएममधील वरिष्ठांना हा प्रस्ताव दिला आणि तो मंजूर झाला. आजच्या एआय साधनांच्या जाहिरातींतला आर्थिक तर्क हाच आहे. त्यात सत्तर वर्षांत फारशी भर पडलेली नाही.

नोव्हेंबर १९५४ मध्ये फोरट्रानचा प्राथमिक आराखडा निघाला. त्यात एक वचन होते: या व्यवस्थेमुळे कोडिंग आणि चुका शोधण्याचे काम जवळजवळ नाहीसेच होईल. काम सहा महिन्यांत होईल असा गटाचा अंदाज असे, आणि सहा महिने उलटले की पुन्हा तोच अंदाज. प्रत्यक्षात फोरट्रान ग्राहकांच्या हाती पडला एप्रिल १९५७ मध्ये. गट लहान होता आणि वयाने तरुण. लोइस हायब्ट नुकत्याच पदवी घेऊन आल्या होत्या. रात्री यंत्र मोकळे असे, म्हणून जवळच्या लँग्डन हॉटेलात खोल्या घेऊन ही मंडळी दिवसा थोडी झोपत आणि रात्रभर यंत्रापाशी बसत.

कंपायलर चालू लागल्यावर एक विलक्षण गोष्ट घडली. त्याने तयार केलेला यंत्रभाषेतील कोड त्याच्या निर्मात्यांनाच चकित करू लागला. आकडेमोडीचे भाग तो अशा ठिकाणी हलवी, की पाहणाऱ्याला वाटे, येथे नक्कीच चूक झाली आहे. मग बारकाईने पाहिले की कळे, यंत्र बरोबर आहे आणि आपणच इतके चतुर कोड लिहिले नसते.

१९५७ मध्ये गटाने प्रसिद्ध केलेल्या निबंधात एका प्रोग्रॅमरचा अनुभव दिला आहे. त्याने फोरट्रानचे एक दिवसाचे शिक्षण घेतले होते. एक काम त्याने ४ तासांत, ४७ विधानांत लिहिले. आयबीएम ७०४ ने त्याचे भाषांतर ६ मिनिटांत केले आणि सुमारे १,००० यंत्राज्ञा तयार झाल्या. उत्तर चुकीचे आले. त्याने उत्तर अभ्यासले, आपल्याच एका विधानातील चूक हुडकली, ते बदलले, आणि उत्तर बरोबर आले. हाताने कोड करायला तीन दिवस लागले असते, असा त्याचा अंदाज होता. चुका शोधण्याचा वेळ वेगळा.

या छोट्या नोंदीत पुढची सत्तर वर्षे सामावलेली आहेत. यंत्राने १,००० आज्ञा लिहिल्या, म्हणजे कोडरचे काम संपले. पण उत्तर चूक आहे हे यंत्राला कळले नाही. ते माणसाला कळले. चूक कोठे आहे हेही त्यालाच शोधावे लागले. आणि ते शोधता आले, कारण ४७ विधाने त्याने स्वतः लिहिली होती.

फोरट्रानची पहिली प्रत बाहेर जिथे पोचली त्यांतील एक जागा म्हणजे वेस्टिंगहाउसची बेटिस प्रयोगशाळा. तेथे कार्डांचा गठ्ठा यंत्रात घातला गेला, पहिला प्रोग्रॅम भरला गेला, आणि यंत्राने छापून दिले, की एका विधानात कंसानंतरचा स्वल्पविराम राहिला आहे. चुका नाहीशा करण्याचे वचन देणाऱ्या व्यवस्थेने ग्राहकाला उच्चारलेले पहिले वाक्य चूक दाखवणारे होते. स्वल्पविराम घातल्यावर प्रोग्रॅम चालला.

मग कोडर कोठे गेले? 'कोडर' हे पदनाम पुढच्या दशकात हळूहळू विरले. ज्यांना वरचा थर झेपला ते 'प्रोग्रॅमर' झाले. प्रोग्रॅम लिहिणे सोपे झाल्यामुळे प्रोग्रॅमरांची गरज कमी होण्याऐवजी बेसुमार वाढली: पूर्वी ज्या कामासाठी संगणक वापरण्याचा विचारही कोणी केला नसता, ती कामे आता संगणकावर येऊ लागली. ऑक्टोबर १९६८ मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोने परिषद भरवली, तेव्हा चर्चा बेकारीची नव्हती. सॉफ्टवेअर वेळेवर आणि धड तयार होत नाही, या 'सॉफ्टवेअर संकटा'ची होती.

येथवर ही गोष्ट अमेरिकेची आणि युरोपची. भारत तिच्यात येतो तो एका तांत्रिक तपशिलामुळे, आणि तो तपशील सहसा दुर्लक्षिला जातो.

यंत्रभाषेतील कोड एकाच यंत्राचा असतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा संगणक बांधला गेला आणि १९६० मध्ये तो कामाला लागला. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची. त्यासाठी लिहिलेले कोड जगात दुसऱ्या कोठल्याही यंत्राला कळले नसते. ते लिहिणाऱ्याचे कौशल्यही त्या खोलीपुरतेच होते. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला, आणि त्यावर फोरट्रान चाले. ज्याला फोरट्रान येई, त्याचे कौशल्य आता कुलाब्यापुरते उरले नाही.

व्यापाराच्या जगात हेच काम कोबोल या भाषेने केले. १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने तिची जुळवाजुळव सुरू झाली; हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा तिच्यावर मोठा ठसा होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर जवळजवळ जसाच्या तसा चालवून दाखवण्यात आला. यंत्रभाषेत उतरवण्याचे काम कंपायलरकडे गेले, तसे प्रोग्रॅम यंत्रापासून सुटला. यंत्रापासून सुटला म्हणजे जागेपासूनही सुटला. यंत्र अमेरिकेत आणि प्रोग्रॅमर मुंबईत, हे आता निदान शक्य कोटीतले झाले.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि फकीरचंद कोहली यांच्या काळात १९७० च्या दशकात सॉफ्टवेअरची निर्यात सुरू झाली. पुढे पुण्यात १९८१ मध्ये टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र उभे राहिले. आराखड्यावरून कोड आपोआप तयार करणारी साधने तेथे घडली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्ष दोनच अंकांत लिहिणाऱ्या जुन्या कोबोल प्रोग्रॅमांची दुरुस्ती, म्हणजे 'वायटूके'चे काम, भारतात लोटले. हिंजवडीच्या माळावर आयटी पार्क उभे राहिले ते याच सुमारास. म्हणजे ज्याला आज महाराष्ट्राचा आयटी उद्योग म्हणतात, त्याच्या पायाशी एक स्वयंचलनच आहे. कंपायलरने कोडरचे काम घेतले नसते, तर ते काम समुद्र ओलांडून आलेच नसते.

पण आले ते काम कोणते होते? वरचा थर, म्हणजे काय बांधायचे हे ठरवणे, पुष्कळदा ग्राहकाच्याच देशात राहिला. जुन्या व्यवस्थेतून नवीत कोड नेणे, ठरलेल्या आराखड्याप्रमाणे लिहिणे, तपासणे, देखभाल करणे, हे काम इकडे आले. गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी आखलेला दुसरा थर एक मजला वर चढून हिंजवडीत आणि मुंबईत पुन्हा वसला. हे म्हणण्यात त्या कामाचा अवमान नाही. विल्क्स यांना जिन्यावर जे कळले ते येथील लाखो तरुणांनी रोज अनुभवले, आणि त्यातूनच उत्तम अभियंते घडले. मात्र थर कोणता होता, हे नजरेआड करून चालत नाही. कारण २०२१ नंतर यंत्र ज्या मजल्यावर आले, तो नेमका हाच.

मधल्या काळात प्रोग्रॅमरांच्या अंताची दवंडी अनेकदा पिटली गेली. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आलेल्या एका उत्पादनाचे नावच 'द लास्ट वन' होते: हा शेवटचा प्रोग्रॅम, यापुढे दुसरा लिहावा लागणार नाही. आज ते नाव फक्त इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. म्हणूनच जून २०२१ मध्ये गिटहबने कोपायलट चाचणीसाठी खुले केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हा अनेक अनुभवी लोकांनी खांदे उडवले. लांडगा आला रे आला, हे त्यांनी पुष्कळदा ऐकले होते.

या वेळी एक फरक आहे, आणि तो इतिहासामुळेच स्पष्ट दिसतो. कंपायलर नियमांवर चालतो. तेच ४७ ओळींचे फोरट्रान त्याच कंपायलरला हजारदा दिले, तरी तेच यंत्रकोड मिळते. त्यात दोष सापडला, तर तो एकदा दुरुस्त केला की सर्वांसाठी दुरुस्त होतो. म्हणूनच काही वर्षांत लोकांनी कंपायलरचे उत्पादन वाचणे सोडून दिले. विश्वास बसण्याला आधार होता. आजची भाषा-प्रारूपे अफाट प्रमाणातील लिखित मजकूर आणि कोड यांवरून शिकतात आणि पुढे काय येणे संभवनीय आहे ते लिहितात. पुष्कळदा ते अचूक असते. कधी ते अचूक दिसते. विचारणा तीच असली तरी उत्तर दर वेळी तेच येईल असे नाही.

शिवाय विचारणा आता रोजच्या भाषेत होते. डच शास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी १९७० च्या दशकातच एका टिपणात नैसर्गिक भाषेत प्रोग्रॅमिंग करण्याची कल्पना खुळी ठरवली होती. औपचारिक चिन्हभाषेचा काटेकोरपणा हा जाच नसून सोय आहे. त्यामुळेच निरर्थक गोष्टी लिहिणे अवघड होते, असा त्यांचा मुद्दा. डाइक्स्ट्रा यांचे सूर नेहमीच चढे असत, पण येथे त्यांचे निदान चुकले असे म्हणवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पाथी यांनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द रूढ केला: सांगायचे, मिळालेले चालवायचे, कोड वाचायच्या भानगडीत पडायचे नाही. १९५७ च्या त्या प्रोग्रॅमरला स्वतःच्या ४७ ओळी तरी माहीत होत्या.

मोजमाप काय सांगते? २०२२ च्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रॅमरांना एक छोटा सर्व्हर लिहायला दिला. कोपायलट वापरणाऱ्या गटाने तो सुमारे ५६ टक्के कमी वेळात पुरा केला. जुलै २०२५ मध्ये मेटर या संस्थेने उलटा निष्कर्ष मांडला. स्वतःला चांगल्या परिचित असलेल्या मोठ्या प्रकल्पांवर काम करणाऱ्या १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना एकूण २४६ कामांत एआय साधनांमुळे १९ टक्के अधिक वेळ लागला. आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होते, की आपण २० टक्के वेगाने काम केले. दोन्ही खरे असू शकते. कोऱ्या पाटीवर लिहिणे एक, आणि जुन्या वाड्यात नवी खोली काढणे दुसरे. साधनेही दर काही महिन्यांनी बदलत आहेत, तेव्हा यांतला कोणताही आकडा दगडावरची रेघ मानू नये. पण अनुभवी माणसालाही स्वतःच्या वेगाचा अंदाज येत नव्हता, ही नोंद आकड्यापेक्षा महत्त्वाची आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी सांगितले, की कंपनीतील नव्या कोडपैकी चतुर्थांशाहून अधिक कोड एआय तयार करते आणि अभियंते ते तपासून स्वीकारतात. म्हणजे लेखक हळूहळू परीक्षक होतो आहे. आता परीक्षक घडतो कसा? आजवर तो वर्षानुवर्षे स्वतः चुका करून घडला. फोरट्रानवर शंका घेणारे पुरोहित निदान यंत्रभाषा कोळून प्यायलेले होते. कंपायलरने काय लिहिले ते त्यांना वाचता येई. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील वेतननोंदींवरून दाखवले, की २२ ते २५ वयोगटातील सॉफ्टवेअर डेव्हलपरांची नोकऱ्यांतील संख्या २०२२ च्या अखेरच्या शिखरापासून जवळजवळ २० टक्क्यांनी घटली, तर त्यांच्याहून वयस्कांची तशी घटली नाही. कारणे एकाहून अधिक असतील. पण शिडीची कोणती पायरी डळमळते आहे ते दिसते.

भारतात यंत्र आणि नोकरी यांचा वाद याआधी एकदा फार गंभीरपणे झाला आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाने मुंबई आणि कोलकाता येथे संगणक बसवायचे ठरवले, तेव्हा कर्मचारी संघटना रस्त्यावर उतरल्या. कोलकात्यात तर यंत्र बसू नये म्हणून कार्यालयावर पहारे बसले. केंद्र सरकारने स्वयंचलनावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर, नीळकंठ रथ यांच्यासह 'भारतातील दारिद्र्य' अभ्यासणारे तेच दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला: यंत्रे येतील, पण मर्यादित, ठरलेल्या अटींवर, आणि कोणाची नोकरी घालवून नव्हे.

या विरोधाची पुढच्या पिढीने पुष्कळ थट्टा केली. संगणकाला घाबरणारे कारकून, अशी. थट्टा करणाऱ्यांत सॉफ्टवेअरवाले आघाडीवर होते, आणि ते समजण्यासारखे आहे. त्याच बँकांचे संगणकीकरण त्यांनीच केले. मात्र त्या कारकुनांकडे करार होता. यंत्र कोणत्या अटींवर येईल, हे ठरवणाऱ्या टेबलाच्या एका बाजूला ते बसले होते. प्रोग्रॅमरांच्या पेशात असा देशव्यापी करार आजतागायत झालेला नाही.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० कर्मचारी, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या २ टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतील होती, आणि तिचे कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. पुण्यातील नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना तक्रार घेऊन केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे गेली.